चार नंबरचा अज्ञात इसम

२ सप्टेंबर

सरकारी दैनंदिनी मी तीस वर्षं लिहीत आलो. तिच्यात दौरा, अंतर, हवामान आणि शेरा असे चार रकाने असतात. रागाला रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही. कुणाला दाखवायची नाही, कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवायची.

निवृत्तीला एकोणनव्वद दिवस उरले. माझ्या ताब्यातल्या या समुद्रकाठच्या जंगलाचे चार भाग आहेत. एक, दोन आणि तीन नंबरात मी लावलेली सुरूची झाडं आहेत. गाठी मारलेली दोरी ताणून, दर दोन मीटरवर एक. कुठल्याही झाडापाशी उभं राहून समोर बघा, थेट समुद्र दिसतो, मध्ये एक झाड तडमडत नाही. चार नंबरातही अशीच होती. बावीस वर्षांपूर्वी वादळ आलं आणि सगळी आडवी झाली. तेव्हापासून तिथे कुणीतरी स्वतःच्या मनाने वाटेल ती झाडं लावतो आहे. करंज, उंडी, भेंड, मध्येच जांभूळ, खाली झुडपं, वर वेली. ना रांग, ना अंतर. नोंदवहीत दरवर्षी माझ्या हातची नोंद आहे: ‘चार नंबरात बेकायदा लागवड. अज्ञात इसम. शोध चालू.’

जाण्याआधी चार नंबर साफ करून तिथे पुन्हा सुरूच्या रांगा उभ्या करायच्या, एवढी एकच इच्छा आहे. प्रस्ताव मोठ्या साहेबांच्या टेबलावर पडून आहे. आज ते म्हणाले, “सही करतो हो. पण वरून आता कार्बनचं आलंय. कुठल्या जंगलाच्या मातीत तो किती साठतो ते बघायचं. एक बाई येतायत माती तपासायला. त्यांचं होऊन जाऊ द्या.”

मातीत काय तपासायचं? वाळू आहे. तीस वर्षं तुडवतोय.

घरी येऊन हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. “साफ करायचा म्हणजे सगळाच?” असं तिने दोनदा विचारलं. बायकोने आपल्या कामात एवढा रस घेतला की बरं वाटतं.

४ सप्टेंबर

मातीवाल्या बाई आल्या. वय फार तर तिशीचं, पाठीवर पिशवी, हातात लोखंडी नळी. एक नंबरात शिरल्या, सुरूच्या वाळक्या काड्यांचा वीतभर थर बाजूला केला, नळी जमिनीत ठोकली आणि बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली.

“सर, वास घ्या.”

मी घेतला. “कसलाच येत नाही.”

“तेच तर,” असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसू दिलं नाही.

मग चार नंबर. मी कडेलाच थांबलो. वादळानंतर मी त्या भागात आत गेलेलो नाही, जाववत नाही. बाईंबरोबर होयबाला पाठवलं. होयबा म्हणजे आमचा पहारेकरी. कागदोपत्री त्याला नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशीच लागतं. प्रत्येक गोष्टीला तो होय म्हणतो. सूर्य पश्चिमेला उगवतो का रे, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर म्हणाला, “होय साहेब, कधीकधी.”

तासाभराने बाई बाहेर आल्या. केसांत पानं, कोपराला चिखल, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद. “सर, हे कुणी लावलंय? ज्याने लावलंय त्याला वारा कळतो. खारा वारा सोसणारी झाडं पुढे, नाजूक सगळी मागे. अठ्ठावीस जातींपर्यंत मोजली, मग मोजणं सोडलं.”

“माथेफिरू आहे कुणीतरी,” मी म्हटलं. होयबाला जोराचा खोकला आला. त्याला आल्याचा चहा प्यायला सांगितलं आहे.

बाई समजावत होत्या की खोडं मोजली म्हणजे काम झालं असं नाही. पाला पडतो, कुजतो, मातीत मुरतो आणि त्यातला कार्बन तिथे वर्षानुवर्षं राहतो. निरनिराळ्या झाडांचा निरनिराळा पाला, म्हणून मातीत निरनिराळे जीव. नुसत्या एकाच जातीच्या काड्या पडल्या तर माती अर्धपोटी राहते. मी मान डोलावली. माझ्या जंगलाला अर्धपोटी म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती.

७ सप्टेंबर

लिहिताना लाज वाटते, पण ही खासगी वही आहे.

मातीच्या नमुन्यांचा अहवाल प्रयोगशाळेतून यायला चार-पाच महिने लागतील. तोवर मी निवृत्त. मोठ्या साहेबांना तर नोव्हेंबरात निर्णय करायचा आहे. तेव्हा बाईंनी डोळ्यांना दिसेल असा एक जोड-प्रयोग सुचवला. सुती चड्ड्या जमिनीत पुरायच्या. दोन महिन्यांनी काढायच्या. माती जिवंत असेल तर ती कापूस खाऊन टाकते, नुसतं इलास्टिक उरतं. माती मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी परत मिळते.

मला वाटलं थट्टा करतायत. मोठ्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, “करा. इलास्टिक राहिलं तर चार नंबर राहील, चड्डी राहिली तर तुमच्या प्रस्तावावर सही.” एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस हे वाक्य बोलला.

खरेदी माझ्यावर आली. अर्जात लिहिलं: ‘शुद्ध सुती अंतर्वस्त्रे, पांढरी, नग बारा. प्रयोजन: जमिनीत पुरणे.’ दुकानदार ओळखीचा. त्याने माप विचारलं, मी सवयीने माझंच सांगितलं. प्रयोजन वाचून त्याने चष्मा काढला आणि हळूच विचारलं, “साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?”

९ सप्टेंबर

आज पुरल्या. बाईंना खाडीच्या बाजूला नमुने घ्यायला जायचं होतं म्हणून काम माझ्यावर सोपवून गेल्या. नियम साधा: सहा एक नंबरात, सहा चार नंबरात, सगळ्या एकाच पुड्यातल्या, चार बोटं खोल, वर झेंडी.

आता इथे मी अनुभवाचा उपयोग केला. त्याला फसवणूक म्हणणार नाही. काल कपाटातून माझ्या सहा जुन्या चड्ड्या काढून ठेवल्या होत्या. इतक्या विरलेल्या की त्यांतून वर्तमानपत्र वाचता येईल. त्या गेल्या एक नंबरात, कारण त्यांना कुजायला निमित्तच हवं होतं. आणि नव्या बारा चार नंबरात, सहा खड्ड्यांत दोन-दोन, एकीत एक घातलेल्या. दुहेरी कापूस कुठली माती साठ दिवसांत खाते ते बघूच.

मी कडेवरून आत देत होतो आणि होयबा आत जाऊन पुरत होता.

“साहेब, एका खड्ड्यात दोन?”

“थंडी वाजू नये म्हणून.”

“होय साहेब.”

काम उरकून तो आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी चहाला गेला. बराच वेळ बसला होता. आल्याचा चहा असणार.

१० सप्टेंबर

सकाळी हिने विचारलं, “अहो, तुमच्या सहा चड्ड्या दिसत नाहीत.”

“वाऱ्याने उडाल्या असतील दोरीवरून.”

“त्या कपाटात होत्या.”

मी वर्तमानपत्र वर धरलं. ही तोंड फिरवून हसली, अगदी खांदे हलेपर्यंत. मग म्हणाली, “बरं. वारा परत आणून देईल तेव्हा बघू.” का हसली ते कळलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला उगाच वाटत राहिलं.

१९ सप्टेंबर

मोठा शोध लागला. सकाळी चार नंबरच्या पायवाटेवर ओल्या वाळूत चपलांचे ठसे मिळाले. अज्ञात इसमाचे, शंका नको. टेपने मोजले: साडेआठ इंच. डाव्या पायाची टाच वाळूत नीट उमटतच नाही. म्हणजे इसम ठेंगणा, डाव्या पायाने अधू, आणि उजेडायच्या सुमारास येणारा. नोंदवहीत तसं लिहिलं. होयबाला वाचून दाखवलं तर म्हणाला, “होय साहेब, ठेंगणाच.” त्याला कसं माहीत, ते विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी हिचा डावा गुडघा पुन्हा दुखत होता. तेल चोळून दिलं. या वयात कुणाचं काय दुखेल सांगता येत नाही.

२८ सप्टेंबर

आज सुट्टी, म्हणून घरात लक्ष घातलं. दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक: ओल्या कचऱ्याची बादली घेऊन ही सकाळी बाहेर पडते ती सव्वा तासाने परत येते. कचराकुंडी कोपऱ्यावर आहे. मी छेडलं, “गप्पा मारायला बरं निमित्त सापडलंय.” ती म्हणाली, “गप्पा कसल्या, एकटीच तर असते.” दोन: खिडकीत ओळीने बिया वाळत घातल्या आहेत, गोट्यांएवढ्या गोल. कशाला म्हटलं तर म्हणाली, “अशाच.” माणसाला वयानुसार छंद लागतात. माझ्या एका मेव्हण्याने बाटल्यांची झाकणं जमवली होती.

११ ऑक्टोबर

पाळत ठेवली. पहाटे साडेपाचला चार नंबरच्या तोंडाशी पालथ्या घातलेल्या होडीमागे दबा धरून बसलो. पावणेसातच्या सुमारास मागून आवाज आला, “इथे बसलात होय?” बघतो तर ही, हातात रिकामी बादली. मी तिला खाली ओढलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजून सगळं समजावलं, की आवाज करू नकोस, तो बिथरेल.

ही माझ्याशेजारी वाळूत बसली. तासभर बसलो. इसम आला नाही. हिच्या येण्याने सावध झाला असणार, पण तिला तसं म्हटलं नाही.

मध्येच तिने हळू आवाजात विचारलं, “तुम्ही आत का जात नाही हो कधी?”

खरं ते सांगितलं. त्या दिवशी अकराशे चाळीस झाडं आडवी पडलेली मी एकटा मोजत फिरलो होतो. नंतर दोन महिने अंथरुणाला खिळलो. डॉक्टरांनी ताप म्हटलं, पण तो ताप नव्हता. आजही त्या वाटेवर पाऊल टाकलं की मला ती पडलेलीच दिसतात.

“माहीत आहे मला. मीच होते ना उशाशी,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तुम्हाला एक सांगू?”

नेमकं तेव्हाच झाडीत काहीतरी हललं. मी “शू” केलं. खार होती. ती काय सांगणार होती ते राहूनच गेलं.

२ नोव्हेंबर

आठ तारखेला उकरायचं. मोठे साहेब स्वतः येणार आहेत. झोप लागत नाही, आणि त्याचं कारण विजयाची उत्सुकता नव्हे, हे इथे तरी कबूल करतो. तीस वर्षांत मी एका फांदीची खोटी नोंद केली नाही. निघता निघता चड्ड्यांच्या बाबतीत खोटं वागलो. बाई समोर आल्या की मी नजर वळवतो. काल त्यांनी विचारलं, “सगळ्या एकाच पुड्यातल्या ना सर?” मी म्हटलं, “पुडा चांगला होता.”

जेवताना ही म्हणाली, “चार नंबर तोडला तर तुम्हाला खरंच बरं वाटेल?”

“आयुष्याचं सार्थक होईल,” मी म्हटलं.

त्यावर तिने पुढ्यातलं ताट तसंच झाकून ठेवलं. पोट बिघडलं असेल म्हणून ओवा दिला, तो तिने घेतला आणि बाजूला ठेवून दिला.

८ नोव्हेंबर

क्रमाने लिहितो.

दहा वाजता मोठे साहेब, बाई, होयबा आणि मी एक नंबरात जमलो. ही थर्मासमधून सगळ्यांसाठी चहा घेऊन आली होती. साहेबांनीच कालच्या फोनवर तसं सांगितलं होतं म्हणे. होयबाने पहिला खड्डा उकरला. चड्डी निघाली. झटकली, वाळू उडाली, आणि ती अख्खी. दुसरी अख्खी. तिसरीही तशीच. मातीने सहांतल्या एकीलाही दात लावला नव्हता. आधीचीच भोकं होती, नवं एक नाही.

बाईंनी चौथी चड्डी उजेडात धरली. “सर, ही नवी नाही. हिला मागे ठिगळ आहे.”

ही चहाचा कप ठेवून पुढे आली. ठिगळ बघितलं. “माझंच आहे. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा घातला. या यांच्याच आहेत, वाऱ्याने उडालेल्या.”

मोठे साहेब समुद्राकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग चार नंबर. कडेपासून दहा पावलांवर खड्डे होते, बावीस वर्षांनी मी प्रथमच तेवढा आत गेलो. होयबाने फावडं घातलं तर माती काळी, भुसभुशीत, गांडुळं सैरावैरा. झेंडीखालून काय निघालं? एक इलास्टिक. आणि त्यात अडकलेलं आणखी एक इलास्टिक. कापूस औषधालाही नाही. दुसऱ्या खड्ड्यात तेच. सहा खड्डे, बारा इलास्टिकं.

“एका चड्डीला दोन इलास्टिकं कशी सर?” बाईंनी विचारलं.

मी सांगून टाकलं. होयबासुद्धा होय म्हणेना.

बाईंनी खालमानेने ऐकून घेतलं आणि मग एकदम हसायला लागल्या. “म्हणजे विरलेल्या चड्ड्या त्या मातीला साठ दिवसांत पचल्या नाहीत, आणि कोऱ्या, त्याही दुहेरी, हिने फस्त केल्या. सर, चार नंबरची इतकी कडक परीक्षा घ्यायची माझी हिंमत झाली नसती. माझ्या तक्त्यात बसणार नाही, पण साहेबांना उत्तर मिळालं.”

मोठ्या साहेबांना ते मिळालं होतं. त्यांनी माझा प्रस्ताव फाइलमधून काढून माझ्याच हातात दिला. वर म्हणाले की एक नंबरातली दर तिसरी रांग टप्प्याटप्प्याने विरळ करू आणि तिथे मिश्र झाडं लावू. “पण हे ज्याने लावलंय त्यालाच विचारून लावू. कोण आहे तो?”

हा प्रश्न त्यांनी होयबाला केला. बिचाऱ्याची पंचाईत झाली, कारण याला होय हे उत्तर चालत नाही. त्याने नुसतं हिच्याकडे बघितलं. मातीवाल्या बाई आधीपासून तिच्याचकडे बघत होत्या. “मावशी, आता सांगा,” असंही म्हणाल्या. यांची ओळख कधी झाली?

मी खाली बघितलं. ही भुसभुशीत मातीत उभी होती आणि तिच्या मागे येतानाचे ठसे उमटले होते. डाव्या पायाची टाच उमटलेली नव्हती. टेप खिशात होता, पण काढला नाही.

“काखेत कळसा,” मोठे साहेब एवढंच म्हणाले आणि गाडीकडे गेले.

९ नोव्हेंबर

ऑफिसला गेलो नाही. तीस वर्षांतली पहिली बिनकारणाची रजा.

काल दिवसभर हिच्याशी बोललो नाही. बावीस वर्षं एका घरात राहून मला वेड्यात काढलं, याचा राग होता. होयबाचाही होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं त्याला तोंडावर सुनावलं, तर सवयीने “होय साहेब” म्हणाला. पण खरा राग वेगळाच होता. माझ्या तीन नंबरांच्या जन्मभराच्या कष्टाखालची माती एक ठिगळाची चड्डी खाऊ शकली नाही. त्याचं फार वाईट वाटलं. इथे लिहितो आहे, डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी ही बादली घेऊन निघाली. दाराशी थांबून म्हणाली, “येताय?”

गेलो. ती पुढे, मी मागे. आत गेल्यावर ती बोलायला लागली, पण माझ्याकडे न बघता, पाला चाचपत.

“तुम्ही अंथरुणावर होतात तेव्हा मी इथे बघायला आले, कशासाठी एवढं झुरताय ते. सगळं उघडं पडलं होतं. मला तुमच्यासारखी दोरी लावता येत नाही. करंजाच्या बिया मिळाल्या, त्या टाकल्या. मग उंडीच्या. म्हटलं, हा माणूस उठेल तेव्हा त्याला इथे काहीतरी हिरवं दिसायला हवं. आणि तुम्ही उठलात, कडेपर्यंत आलात, आणि पहिल्याच दिवशी माझ्यावर गुन्हा नोंदवलात.”

“मग सांगायचं नाही का?”

“तुम्ही रोज उठून त्या इसमाला शोधायला लागलात. जेवायला लागलात. अंगात जोर आला तुमच्या. डॉक्टरच्या औषधाने झालं नाही ते त्याने केलं. मी कशाला सांगू?”

खाली बसलो. मूठभर माती उचलून वास घेतला. येत होता. कसला ते मला सांगता येणार नाही, पण भरपूर येत होता. वर बघितलं तर एकही झाड सरळ रेषेत नाही आणि समुद्र कुठे दिसत नाही. पडलेलं झाडही एक दिसलं नाही.

तिने गुडघा धरला आणि माझ्या शेजारी टेकली. “तुमच्या सुरूंनी वारा अडवला म्हणून माझी जगली हो,” ती म्हणाली. “पुढे दोन नंबर नसता तर पहिल्या वर्षीच खारा वारा सगळं जाळून गेला असता. ती माहेरवाशिणीसारखी नाजूक आहेत, मागची सगळी.”

हे तिने माझं मन राखायला म्हटलं की खरं आहे, ते दुपारी मातीवाल्या बाईंना फोन करून विचारलं. खरं आहे.

३० नोव्हेंबर

शेवटचा दिवस. निरोपाच्या भाषणात मोठ्या साहेबांनी चड्ड्यांचा उल्लेख टाळला, पण प्रत्येक वाक्याआधी ते टाळताना दिसत होते. मला भेट म्हणून एक पुडा मिळाला. न उघडताच कळलं. खाली मातीवाल्या बाईंची चिठ्ठी: ‘या पुरू नका.’

चार वाजता किल्ल्या आणि शिक्के होयबाच्या ताब्यात दिले, नवे साहेब पुढच्या आठवड्यात येतील. एकच काम उरलं होतं. नोंदवही घरी आणली, बावीस नोंदी उघडल्या आणि तांबड्या शाईचं पेन काढलं. ‘अज्ञात इसम’ खोडून तिथे तिचं नाव घालणार होतो.

हिने वही मिटली. “राहू दे. सवय झालीय मला त्याची. तुम्ही माझा एवढा पाठलाग लग्नाआधीसुद्धा केला नव्हता.”

४ डिसेंबर

आज पहिल्यांदा दोघे मिळून कचरा टाकायला गेलो. बादली मी धरली. सव्वा नाही, दोन तास लागले.

एक नंबरच्या मोकळ्या केलेल्या रांगेत पहिलं रोप लावायचं होतं, उंडीचं, खिडकीतल्या बीचं. मी सवयीने खिशातून गाठींची दोरी काढली. ही फक्त बघत राहिली. मी दोरी परत ठेवली आणि म्हटलं, “तूच सांग कुठे.” तिने चार पावलं इकडे, दोन तिकडे टाकली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पायाने खूण केली. काय हिशेब होता ते मला अजून कळलेलं नाही. शिकायला वेळ आहे.

रोपाला काठीचा आधार दिला, पण बांधायला काही नव्हतं. तिने पदराआडून एक इलास्टिक काढलं. चार नंबरातलं, धुऊन ठेवलेलं. बाकी अकराही घरी आहेत म्हणाली, पुढच्या रोपांना लागतील. मी बांधलं. वारा आला तसं रोप वाकलं, इलास्टिक ताणलं आणि त्याने त्याला परत काठीशी आणलं.

परतताना चौकीशी होयबा उभा होता, काखेत नोंदवही. फार अवघडलेला. नव्या साहेबांचा हुकूम आला आहे म्हणाला, परवानगीवाचून कुणी झाड लावताना दिसलं तर त्याच दिवशी नोंद करायची. आणि मोठे साहेब तोंडी हो म्हणाले असले तरी खातं लेखी परवानगी देईतो मार्च उजाडेल. मी आता खात्याचा कुणी नाही, ही तर कधीच नव्हती.

“काय लिहू साहेब?”

मी हिच्याकडे बघितलं. ती बादली घेऊन भराभर पुढे निघाली होती, डावा पाय जरा ओढत. मी तिला गाठण्याआधी त्याला पटकन सांगितलं:

“लिही. बेकायदा लागवड. अज्ञात इसम, दोन.”